तुमचं गाव कोणतं?

महाराष्ट्रातली आरोग्य क्षेत्रातली सगळ्यात मोठी कंपनी कोणती? ऑफिसात जेवताना हा प्रश्न टाकून बघा. कोणी हॉस्पिटलच्या चेनचं नाव घेईल, कोणी एखाद्या औषध कंपनीचं. माझं उत्तर ऐकून लोक हसतात. माझं उत्तर आहे राज्य सरकारचा सार्वजनिक आरोग्य विभाग.

हसण्यासारखं काही नाही त्यात. सपाट भागात दर तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दर पाच हजारांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब आहे. त्यावर ग्रामीण रुग्णालयं, त्यावर उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर तर लागतातच, पण नर्स, औषध निर्माता, लॅब टेक्निशियन, आरोग्य सेवक, कक्षसेवक, शिपाईही लागतात. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथे कापूस, मोसंबी, स्टीलचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या सोडल्या तर पगारपत्रक असलेली नोकरी म्हणजे बहुतेक वेळा सरकारीच, तिथे कक्षसेवकाची जागासुद्धा अख्ख्या घराचं आयुष्य फिरवते.

आपण आयटीवाले इंटरव्ह्यूबद्दल तासन् तास बोलतो. कुठल्या कंपनीत किती राउंड, कोणी लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावली, कोणत्या एचआरने तीन आठवडे मेलला उत्तर दिलं नाही. पण परतूर किंवा मंठ्याच्या मुलाला आरोग्य खात्यात नोकरी हवी असेल तर त्याला कोणी आणि कसं पारखलं, याचा इतिहास कुठे एकत्र लिहिलेला मला सापडला नाही. म्हणून हा उद्योग. (रविवार होता, पाऊस होता, लाइट होती. अजून काय पाहिजे?)

सुरुवात लांबून करतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय नोकरीत आधी संचालकांच्या मर्जीने माणसं घेतली जायची. म्हणजे ओळख. 1855 मध्ये ती पद्धत मोडून लंडनला स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच परीक्षेत सूर्यकुमार चक्रवर्ती हा बंगाली डॉक्टर दुसरा आला. शिफारशीच्या जागी परीक्षा आली की बाहेरच्या माणसाला दार उघडतं, ही गोष्ट तिथे पहिल्याच दिवशी सिद्ध झाली. फक्त दार लंडनला होतं, आणि तिथवर जाण्याचे पैसे कोणाकडे होते हा प्रश्न उरलाच.

संस्थानांमध्ये मात्र जुनीच रीत चालू होती. आपल्या आनंदीबाई जोशींची 1886 मधली नेमणूक आठवा. अमेरिकेत असतानाच कोल्हापूर संस्थानाने त्यांना पत्राने बोलावलं, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागासाठी. परीक्षा नाही, मुलाखत नाही. निवड उत्तमच होती, दुर्दैवाने त्या रुजू व्हायच्या आधीच फेब्रुवारी 1887 मध्ये गेल्या. पण दरबाराला वाटलं म्हणून नेमणूक झाली, हेही तितकंच खरं.

जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. (स्वतंत्र जिल्हा झाला फार उशिरा, 1 मे 1981 ला. त्याआधी औरंगाबादचा भाग, आणि परतूरचा पट्टा परभणीतून आला.) हैदराबादच्या नोकरीत शिरायला पहिली चाळणी होती भाषेची. दरबारची भाषा आधी फारसी, मग 1880 च्या दशकापासून उर्दू. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं, आणि तिथे पुढे वैद्यकीय शिक्षणही उर्दूतून होतं. एका देशी भाषेतून शरीरशास्त्र शिकवायचं हे धाडस म्हणून मला अजूनही थक्क करतं. मातृभाषेतून इंजिनिअरिंगच्या गप्पा मारणाऱ्यांनी ते बघावंच. पण भोकरदनच्या मराठी मुलाला ती मातृभाषा नव्हती. त्याला डॉक्टर व्हायचं तर आधी उर्दू गिळायची, किंवा मुंबई-पुण्याला जायचं आणि मग परत येऊन इथल्याच नोकरीत अर्धा परका ठरायचं.

दुसरी चाळणी जास्त मजेदार आहे. मुल्की. उत्तरेतून शिकून आलेले लोक हैदराबादच्या सगळ्या जागा पटकावतात ही तिथली जुनी तक्रार. त्यावर 1919 मध्ये नियम पक्के झाले: सरकारी नोकरी मुल्कीलाच. मुल्की कोण? वडील मुल्की असतील तो, किंवा जो राज्यात पंधरा वर्षं राहिलाय आणि आपल्या मूळ गावी परत जाणार नाही असं प्रतिज्ञापत्र देतो तो. म्हणजे उमेदवाराला पहिला प्रश्न 'तुला काय येतं' हा नव्हे, 'तू कुठला' हा. आणि उत्तराला कागद हवा. दाखला देणारा कोण? स्थानिक अधिकारी. तो कोणाचा? वगैरे वगैरे, पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

हा नियम वाईट होता असं मला म्हणायचं नाहीये. भीती खरी होती. 1948 ला निजाम गेला, बाहेरचे अधिकारी आणि शिक्षक आले, आणि सप्टेंबर 1952 मध्ये हैदराबादेत मुल्कीच्या मागणीसाठी विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात मुलं मेली. नोकरीसाठी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत.

मराठवाडा 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तो काही अटी डोक्यात ठेवून. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात एक कलम असं आहे की सरकारी नोकऱ्यांमध्ये त्या त्या विभागाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल. त्यावर घटनेच्या 371(2) मध्ये मराठवाड्यासाठी नोकऱ्यांच्या पुरेशा संधींची सोय आली. सोय म्हणजे काय, तर राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकू शकतात. विकास मंडळं प्रत्यक्षात आली 1994 ला, आणि त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मधल्या काळात 1974 चं मराठवाडा विकास आंदोलन होऊन गेलं, जे विद्यार्थ्यांनी पेटवलं होतं आणि ज्यात नोकऱ्यांमधला वाटा ही एक मोठी मागणी होती. मागचा आपला मुल्कीचा प्रश्नच, फक्त भाषा बदललेली.

आता मुलाखतीच्या जमान्याकडे येतो, कारण खरी गंमत (आणि खरं दुःख) इथे आहे.

साठ ते नव्वदच्या दशकांत नोकरीचा रस्ता एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून जायचा. 1959 च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायचं बंधन आलं. तुम्ही दहावी-बारावीनंतर जाऊन नाव नोंदवायचं, कार्ड घ्यायचं, ते ठरावीक काळाने रिन्यू करायचं, आणि वाट बघायची. जागा निघाली की एक्स्चेंज ज्येष्ठतेने नावं पाठवणार आणि तुम्हाला 'कॉल' येणार. आमच्या घरात हा शब्द अजून त्याच अर्थाने वापरतात. मी पुण्याला पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा आजीने विचारलं होतं, "कॉल आला का?" मी म्हटलं आला, फोनवर आला. तिला ते पटलं नाही. कॉल म्हणजे पोस्टमन आणतो तो.

माझ्या एका काकांना असा कॉल आला होता, ऐंशीच्या दशकात, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, औषध निर्मात्याच्या जागेसाठी. डी.फार्म. झालेले. रात्रीच्या एस.टी.ने गेले, स्टँडवर तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट तिथेच घातला. साठ-सत्तर मुलं व्हरांड्यात. आत टेबलामागे तीन जण. काकांच्या आठवणीप्रमाणे प्रश्न चार: नाव काय, गाव कोणतं, वडील काय करतात, आणि 'अमुक अमुक तुमचे कोण?' (त्याच आडनावाचे एक पुढारी होते.) काका म्हणाले कोणी नाहीत. बरं, या. औषधाबद्दल एकही प्रश्न नाही. त्यांनी डोसचं टेबल पाठ केलं होतं बिचाऱ्यांनी. ते ते अजूनही म्हणून दाखवतात, लग्नकार्यात, कोणी विचारलेलं नसताना :)

नोकरी मिळाली नाही. का नाही, हे त्यांना कधी कळलं नाही, आणि मला त्यावर निकाल द्यायचा नाही. जो निवडला गेला तो खरंच जास्त हुशारही असेल. मुद्दा असा की काकांना ते ताडून बघायला काहीच मार्ग नव्हता. तीन मिनिटं, चार प्रश्न, लॉग नाही.

आणि हे एकट्या मराठवाड्याचं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचा अजय हसिया खटला प्रत्येक इंजिनिअरने वाचावा, कारण तो इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचाच आहे. श्रीनगरचं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज. लेखी परीक्षेला 100 गुण, तोंडीला 50. मुलांनी शपथपत्रांवर सांगितलं की मुलाखत दोन-तीन मिनिटं चालली आणि प्रश्न आईवडील कोण, राहता कुठे, असले. नोव्हेंबर 1980 मध्ये न्यायालय म्हणालं की एकूण गुणांचा तिसरा हिस्सा मुलाखतीला ठेवणं मनमानी आहे, 15 टक्क्यांच्या वर जाऊ नका. आणि एक सूचना केली जी मला भयंकर आवडते: मुलाखती टेपरेकॉर्ड करा. 1980 मध्ये! ऑडिट लॉग ठेवा असंच सांगितलं की हो त्यांनी. आपल्याकडे किती निवड समित्यांनी टेपरेकॉर्डर विकत घेतला हे संशोधन कोणीतरी करावं.

1996 मध्ये आणखी एक निकाल आला, आंध्रातल्या एका खटल्यात. फक्त एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांतून निवड करू नका, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, येईल त्याला संधी द्या. निकाल एकदम योग्य. तिथून कॉलची सद्दी संपत आली आणि जाहिरातीची सुरू झाली. परिणाम? पूर्वी एका जागेला एक्स्चेंजकडून मोजकी नावं यायची, आता अर्जांची पोती येऊ लागली. पोती आली की मुलाखत घेणं अशक्य. मग लेखी परीक्षा. मग परीक्षा घेणारं कोण? हा प्रश्न तेव्हा कोणाला फारसा महत्त्वाचा वाटला नसावा.

15 ऑगस्ट 2015 च्या भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांच्या मुलाखतींवर बोट ठेवलं आणि 1 जानेवारी 2016 पासून केंद्रात गट ब अराजपत्रित, गट क आणि ड साठी मुलाखत बंद झाली. महाराष्ट्र हे पटकन मानणाऱ्या राज्यांपैकी एक. माझा या निर्णयाला पाठिंबाच आहे, काकांचा तर दुप्पट. कक्षसेवकाची मुलाखत घेऊन तीन साहेबांना नेमकं काय कळणार होतं?

पण आपल्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट चटकन दिसेल. टेबलामागच्या तीन माणसांच्या हातातली सत्ता नाहीशी झाली नाही, ती दुसरीकडे गेली. पेपर काढणारा, छापणारा, ट्रकमध्ये भरणारा, केंद्र वाटणारा, उत्तरपत्रिका स्कॅन करणारा. पूर्वी मनमानी करायची तर प्रत्येक जिल्ह्यात वेगळी समिती फोडावी लागायची. आता सगळ्या राज्याचा एकच पेपर. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात तो हाच. शिवाय राज्याने मधे 2017 ला महापरीक्षा पोर्टल आणलं, त्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, फेब्रुवारी 2020 मध्ये ते बंद केलं, आणि परीक्षा घेण्याचं काम खासगी कंपन्यांच्या यादीतून वाटायचं ठरवलं.

मग आलं 2021. कोविडची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. आरोग्य खात्यात माणसं नाहीत हे तोवर शेंबड्या पोरालाही कळलं होतं. गट क आणि ड मिळून सहा हजारांवर जागा निघाल्या, अर्ज साडेआठ लाखांच्या आसपास. काम न्यासा कम्युनिकेशन्स नावाच्या कंपनीला. आरोग्यमंत्री होते राजेश टोपे, आपल्या जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार. म्हणजे ज्या जिल्ह्याला पिढ्यान् पिढ्या 'आपलं कोणी वर नाही' असं वाटत आलं, त्याचाच माणूस खात्याच्या सगळ्यात वरच्या खुर्चीवर. हा योगायोग मी मुद्दाम नोंदवतोय, कारण पुढे जे झालं त्यात त्या खुर्चीचा कोणाला उपयोग झाला नाही.

परीक्षा ठरली 25 आणि 26 सप्टेंबरला. हॉल तिकिटं निघाली आणि चमत्कार सुरू झाले. कोणाचं केंद्र नोएडाला, कोणाचं थेट चीनमध्ये, अशा बातम्या छापून आल्या. दोन पदांसाठी अर्ज केलेल्यांना सकाळी एका जिल्ह्यात आणि दुपारी दुसऱ्या जिल्ह्यात केंद्र. मशीनने 'तुमचं गाव कोणतं' हे विचारलं होतं, फॉर्ममध्ये रकाना होता, पण उत्तर वाचलंच नव्हतं! 24 तारखेला रात्री जाहीर झालं की परीक्षा पुढे ढकलली. तोवर हजारो मुलं गाडीत बसलेली, कित्येक परगावी पोहोचून लॉजवर किंवा स्टँडवर पथारी टाकलेली. मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मुलं परत फिरली, आपल्या खर्चाने.

मग 24 ऑक्टोबरला गट क, 31 ऑक्टोबरला गट ड. पुण्या-नाशकात काही केंद्रांवर गोंधळ झाला, आणि गट ड चे प्रश्न परीक्षेच्या आधीच मोबाइलवर फिरल्याचं समोर आलं. हे बाहेर काढलं कोणी? स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनीच. त्यांच्या समन्वय समितीने स्क्रीनशॉट, वेळा, मेसेज जमवले आणि आरडाओरडा केला. चाचणी द्यायला आलेल्यांनी चाचणी घेणाऱ्याचंच टेस्टिंग केलं. पुणे सायबर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. पहिल्या अटकांमध्ये जालना जिल्ह्यातलाही एक तरुण होता, आणि धागा वर वर जात आरोग्य खात्याच्या एका सहसंचालकापर्यंत पोहोचला, पेपर काढणाऱ्या समितीशी संबंध असल्याचा पोलिसांचा आरोप होता. त्याच तपासातून डिसेंबरमध्ये म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द करावी लागली आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा उघडा पडला.

2022 मध्ये आरोग्य विभागाच्या त्या परीक्षा रद्द झाल्या. यात एक गट असा आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही: ज्यांनी काहीही न करता, अभ्यास करून, चांगले गुण पाडले होते ते. त्यांचं काय झालं? काही नाही, पुन्हा फॉर्म भरा. नवी जाहिरात आली ऑगस्ट 2023 मध्ये, 10,949 जागा, या वेळी टीसीएसमार्फत कॉम्प्युटरवर, फी खुल्या गटाला 1,000 आणि राखीव गटाला 900 रुपये. परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात. 2021 ला तेवीस वर्षांचा असलेला मुलगा पंचविशीत. मधली दोन वर्षं त्याने कुठल्या ओळीत दाखवायची? आपल्याकडे सीव्हीवर सहा महिन्यांचा गॅप असला तर घाम फुटतो.

कॉम्प्युटरवरच्या परीक्षेने पेपर फुटण्याचा धोका कमी केला, हे मान्य. पण शिफ्ट अनेक, पेपर वेगवेगळे, म्हणून गुणांचं नॉर्मलायझेशन. याच कंपनीने घेतलेल्या तलाठी परीक्षेत जानेवारी 2024 मध्ये कोणाला तरी 200 पैकी 214 गुण पडले आणि राज्यभर गहजब झाला. गणिताच्या दृष्टीने त्यात वावगं नाही, सूत्र तसं चालू शकतं. मी दोन-तीन जणांना कागदावर समजावूनही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण दोनशेपैकी दोनशे चौदा?" 2021 मधून गेलेल्या माणसाला सूत्र देऊन विश्वास बसत नाही. काकांच्या टेबलामागे निदान तीन चेहरे होते, ज्यांना मनातल्या मनात शिव्या देता यायच्या.

आता शेवटचा तुकडा. मुलाखत खरंच संपली का? कायम नोकरीतून, खालच्या पदांवर, हो. पण 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्याच्या मागून कंत्राटी पदांची रांग लागली. कोविडमध्ये तर काही महिन्यांच्या बोलीवर नर्स आणि टेक्निशियन घेतले, लाट ओसरली की सोडले. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा निर्णय काढला, तो ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. ऑक्टोबर 2024 मध्ये जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन केलं, राज्यातली आणखी नऊ कॉलेजं त्याच दिवशी. शंभर जागा. उस्मानियाच्या काळात उर्दू शिकून हैदराबाद गाठावं लागायचं, त्या जालन्यात आता डॉक्टर घडणार याचा मला मनापासून आनंद आहे.

आणि कंत्राटी भरतीच्या नोटिसा आरोग्य खात्याच्या वेगवेगळ्या कार्यालयांबाहेर लागतच असतात. पद, मानधन, कालावधी अकरा महिने. निवडीची पद्धत: थेट मुलाखत. तळाला नेहमीची ओळ, की उमेदवाराने मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सच्या एका संचासह स्वखर्चाने हजर राहावं, प्रवासभत्ता मिळणार नाही.